एकतीस नंबरचा रिमोट

एकोणीस वर्षं वर्ग रोकडे सरांना 'हो सर' म्हणत आला होता. समजलं का? हो सर. मागच्या बाकांना फळा दिसतोय का? हो सर. ओहमचा नियम डोक्यात शिरला का? हो सर, आणि तेही अशा एका सुरात की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत प्रार्थनाच चाललीय. शाळा उल्हासनगरच्या कॅम्प चारमधली, मराठी माध्यमाची, वर पत्रे. पावसाळ्यात खिडकीशी बसणाऱ्यांनी दप्तर मांडीवर घ्यायचं, हे पोरांना कुणी सांगावं लागत नसे. महेंद्र रोकडे बदलापूरच्या शिरगावातून रोज मोटरसायकलवर यायचे, विज्ञान शिकवायचे आणि परत जायचे. माणूस सरळ. पोरांना आपलं शिकवलेलं कळतं, एवढ्या एका समजुतीवर त्यांची एकोणीस वर्षं निघाली होती.

ती समजूत जूनमध्ये आठ दिवसांत मोडली. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीनं शाळेला मोठा डिजिटल पॅनल दिला. बोटानं ओढलं की त्यावरचे बल्ब सरकायचे, वायर जोडली की दिवा लागायचा, ॲसिडात लिटमस बुडवला की लाल व्हायचा. सोबत बेचाळीस छोटे रिमोट, प्रत्येकावर ए, बी, सी, डी अशी चार बटणं. पडद्यावर प्रश्न यायचा, पोरांनी आपापलं बटण दाबायचं, आणि कोणत्या नंबरनं काय दाबलं ते सरांच्या टॅबवर उमटायचं. बाकीच्या शिक्षकांनी पॅनलला नव्या जावयासारखं वागवलं, लांबून आणि मानानं. रोकडे सरांनी मात्र पहिल्याच सोमवारी बाह्या सरसावल्या.

गुरुत्वाकर्षण शिकवून झालं. समजलं का, हो सर. मग पडद्यावर प्रश्न टाकला. दहावीच्या बेचाळीस पोरांनी बटणं दाबली आणि टॅबवर बरोबर उत्तरं आली सहा. सरांना वाटलं मशीन बिघडलंय. दुसरा प्रश्न टाकला, बरोबर आली आठ. म्हणजे एवढी वर्षं आपण भिंतीला शिकवत होतो की काय? त्या दिवशी त्यांना घरी जेवण गेलं नाही, बायकोनं विचारलं तर म्हणाले, डोकं दुखतंय. पण माणूस हट्टी. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तोच धडा मुळापासून घेतला, दर दहा मिनिटांनी एक प्रश्न, आणि चूक आलं की पुन्हा मागे. मुख्याध्यापक म्हात्रे सर म्हणाले, असं केलंत तर दिवाळीपर्यंत दुसरा धडा यायचा नाही. नाही आला तर नाही आला, असं रोकडे सर मनात म्हणाले. तोंडावर म्हणायची त्यांची पद्धत नव्हती, आणि हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

त्या सहा-आठ बरोबरांत एक नंबर रोज असायचा. एकतीस. सरांनी यादी काढून पाहिली, प्रीती खैरे. नाव वाचून चेहरा डोळ्यांपुढे येईना, शेवटच्या बाकाकडे वळून पाहावं लागलं. बारीक चणीची, दोन घट्ट वेण्या, मान कायम खाली. पाथर्डीकडच्या कुठल्याशा गावातून आठवीत इथं आलेली. पहिल्याच आठवड्यात तिला उभं करून धडा वाचायला लावला होता, आणि तिचं ते गावाकडचं बोलणं ऐकून वर्ग तासभर खिदळला होता. सरही थोडे हसले होते. हे त्यांना आता आठवलं आणि अजिबात बरं वाटलं नाही. त्यानंतर दोन वर्षं पोरीनं वर्गात तोंड उघडलेलं नव्हतं. परीक्षेत जेमतेम पास व्हायची, कारण लिहिणंही तिला बोलण्यासारखंच वाटायचं. बटण दाबायला मात्र भाषा लागत नव्हती.

एकतीस नंबरचं उत्तर नेहमी सगळ्यात शेवटी यायचं. बाकीचे टपाटप दाबून मोकळे, पंचवीस सेकंद, तीस सेकंद, आणि मग सावकाश एकतीस. पोरगी विचार करायची. सर तेवढा वेळ थांबायचे. वर्ग कुरकुरायचा, 'सर, झालं ना सगळ्यांचं,' आणि सर उगाच टॅब पुसत बसायचे. तिचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. घेतलं असतं तर वर्गाच्या नजरा वळल्या असत्या आणि गोगलगाय पुन्हा शंखात गेली असती. ते फक्त तिच्यासाठी म्हणून एखादा अवघड प्रश्न शेवटी टाकायचे, आणि ती तो सोडवायची. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा सरांना कुणाशी तरी बोलल्यासारखं वाटत होतं, आणि ते एका शब्दाशिवाय.

सप्टेंबरात ती पहिल्यांदा टेबलापाशी आली. लांब उभी राहून म्हणाली, "सर, चंद्राला सावली कशाची पडती?" एवढंच. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी अर्धी मधली सुट्टी तिला ग्रहण समजावण्यात घालवली, डब्यातली पोळी म्हणजे पृथ्वी आणि लिंबाची फोड म्हणजे चंद्र.

दिवाळीनंतर तिची आई शाळेत आली. रखमा नाव. घरात विजेची तोरणं जोडायचं काम करायची. सिंधी सेठ माल पोहोचवायचा, या मायलेकी दिवे जोडून, तपासून परत द्यायच्या. नवरा गावाकडेच, त्याच्याविषयी ती काही बोलली नाही आणि सरांनी विचारलंही नाही. तिचं एकच विचारणं होतं. दहावीनंतर पोरगीला कामावर बसवायचं तिच्या मनात होतं, पण पोरगी म्हणते सर म्हणतात सायन्स घे. "मला काय कळतंय सर. तुम्ही सांगा, तिच्यात काय हाय का? असंल तर मी एकटी ओढीन काम." सर म्हणाले, आहे, ताई. छातीवर हात ठेवून सांगतो, आहे. रखमानं पदरानं तोंड पुसलं आणि मग बरं, असं म्हणून ती गेली. इतका सोपा सौदा सरांनी आयुष्यात पाहिला नव्हता. एका माणसानं दुसऱ्याच्या शब्दावर आपल्या लेकीचं पुढचं सगळं ठेवून दिलं होतं.

डिसेंबरात विद्युतधारेचा धडा आला आणि त्यात तो प्रश्न आला. चाळीस वॅटचा एक बल्ब आणि शंभर वॅटचा एक, दोन्ही एकापाठोपाठ एक, म्हणजे एकसर जोडणीत लावले. कोणता जास्त प्रकाश देईल? पडद्यावर पोरं बोटानं बल्ब ओढून जोडायची, बटण दाबलं की शंभरचा लखलखायचा, चाळीसचा मिणमिणायचा. एक्केचाळीस पोरांनी शंभर दाबलं. तीस सेकंदांनी एकतीस नंबर आला, त्यानं चाळीस दाबलं होतं. पॅनलनं त्याच्यापुढे लाल फुली मारली.

सरांनाही आधी वाटलं, आज पोरगी चुकली. मधल्या सुट्टीत त्यांनी तिला विचारलं, तर म्हणाली, घरी टेस्टिंग बोर्ड आहे. त्यावर शंभरचा बल्ब कायमचा बसवलेला, आणि तपासायची वस्तू त्याच्याच सरीत लावायची. तोरण चांगलं असेल तर तोरण लागतं, शॉर्ट असेल तर वरचा शंभरचा बल्ब भपकन पेटतो. शेजारची म्हातारी एकदा चाळीसचा पिवळा बल्ब तपासायला घेऊन आली होती. "तो झक्क लागला सर. आन् वरच्या शंभराच्या तारंला नुसती लाली. म्या डोळ्यानं बघितलंय."

सर घरी जाऊन कागद घेऊन बसले. आणि बघतात तर काय, पोरगी शंभर टक्के बरोबर. चाळीस वॅटच्या बल्बचा रोध जास्त, एकसर जोडणीत धारा दोन्हींतून सारखीच, मग उष्णता आणि उजेड जास्त रोधाकडे. एवढं साधं गणित. पॅनल बनवणाऱ्यानं शंभर म्हणजे मोठा आकडा, म्हणजे मोठा उजेड, असं धरून प्रोग्राम लिहिला होता. सर एकटेच हसले. लाखोंचं मशीन चुकलं आणि तोरणं जोडणारी पोरगी बरोबर निघाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला हळूच सांगितलं का? नाही. आधी कंपनीकडून दुरुस्त करून घेऊ, मग सगळ्या वर्गासमोर सांगू, असं त्यांनी ठरवलं. तिला एक दिवस वर्गात उभं करायचं आणि म्हणायचं, बघा, हिनं मशीनची चूक पकडली. ते चित्र त्यांना फार आवडलं. आवडलं म्हणूनच त्यांनी ते ठेवून दिलं, आणि हाच घोळ झाला.

पॅनलच्या सॉफ्टवेअरवाल्यांचा कल्पेश नावाचा एक मुलगा शाळेशी संपर्क ठेवायचा. सरांनी त्याला गणित लिहून फोटो पाठवला. कल्पेश गोड बोलणारा. पुढे पाठवलंय सर, टीम बघतेय सर. आठ दिवसांनी पुन्हा फोन केला तर म्हणाला, पुढचं अपडेट मार्चनंतर येईल, त्यात होईल. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, हे त्याला सांगून काही उपयोग नव्हता.

जानेवारीत रंगाच्या कंपनीचे मोठे साहेब पॅनल कसा चाललाय ते पाहायला येणार असं ठरलं. पाहणी नीट झाली तर आठवी-नववीलाही पॅनल मिळणार होते. शाळेला रंग दिला, पताका आणल्या, म्हात्रे सरांच्या अंगात वारं शिरलं. कार्यक्रम कंपनीनंच आखून पाठवला होता. कोणता धडा, कोणते प्रश्न, सगळं कुलूपबंद, आणि सर्वाधिक गुण मिळवणारा विद्यार्थी स्वतः पॅनलवर प्रयोग करून दाखवणार. कॉम्प्युटरनं नाव काढलं होतं, प्रीती खैरे. प्रमाणपत्र छापून तयार. पालकांनाही बोलावणं गेलं होतं. धडा होता विद्युतधारेचा, आणि प्रयोग होता दोन बल्बांचा.

रोकडे सरांनी ते पत्र दोनदा वाचलं. ते म्हात्रे सरांकडे गेले, सगळं सांगितलं. आणि भीतभीत हेही म्हणाले की साहेबांसमोरच तिला चाळीस म्हणू द्यावं, मग आपण गणित मांडू, साहेबांनाही आनंद होईल की त्यांच्या मशीननं एवढी हुशार पोर घडवली. म्हात्रे सरांनी चष्मा काढला.

"रोकडे, माणूस आपल्या खर्चानं तुमच्या घरी सोफा पाठवतो, आणि तुम्ही त्याला पाहुण्यांसमोर सांगणार, सोफ्यात ढेकूण आहेत? पोरीला सांगा, शंभर दाब. एक बटण आहे हो. तुम्ही असे कपाळाला हात लावून बसू नका."

आता इथं सर भांडू शकले असते. पण त्यांच्या मनात दुसरंच काहीतरी घोळत होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पोरगी चाळीस म्हणाली, पॅनलनं फुली मारली, बझर वाजला, वर्ग हसला तर? समोर तिची आई बसलेली. आठवीत एकदा हसू ऐकून दोन वर्षं गप्प झालेली पोर, परत कधी बोलेल का? आणि खरं सांगायचं तर त्यांना स्वतःलाही पाच मिनिटं बोलायला मिळणार होती, भाषण लिहून झालं होतं. तेही होतंच.

शंभर दाब, हे तिला सांगायला ते दोन दिवस धजले नाहीत. खोटं दाब, असं पोराला कसं सांगायचं? आपण शिक्षक. तिसऱ्या दिवशी त्यांना जी युक्ती सुचली तिचा त्यांना त्या वेळी जवळजवळ अभिमानच वाटला. तिला खोटं बोलायला लावायचंच नाही. तिला पटवूनच द्यायचं की शंभर बरोबर आहे. मग ती निर्मळ मनानं दाबेल, तिच्या डोक्यावर पाप नाही. कार्यक्रम झाला की नंतर सावकाश खरं सांगू. लबाडी करायची ती आपण करायची आणि तिची पाटी स्वच्छ ठेवायची, असा तो हिशेब. एखादा बेरड माणूस असता तर सरळ धमकावून मोकळा झाला असता, आणि पोरगी वाचली असती. रोकडे सर पडले चांगले.

मधल्या सुट्टीत तिला टेबलापाशी बोलावलं. म्हणाले, मी तुझ्या त्या उत्तराचा अभ्यास केला, ते चूक आहे. वॅट म्हणजे शक्ती. ज्याची शक्ती जास्त, त्याचा उजेड जास्त. प्रीती ऐकत राहिली. तीस सेकंद गेले असतील. मग म्हणाली,

"पण सर, आमच्या बोर्डावर चाळीसचाच लागतो."

"तो बोर्ड घरी बनवलेला ना? जुनी वायर, होल्डर सैल. तसल्या वस्तूवर काहीही दिसतं. पॅनल शास्त्रज्ञांनी बनवलाय, तो चुकेल का?"

तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि ते तिनं त्याआधी कधी केलं नव्हतं. ती त्यांच्यात खात्री शोधत होती, आणि सरांनी ती चेहऱ्यावर आणली. एकोणीस वर्षांचा सराव होता. पोरीनं मान हलवली आणि म्हणाली, हो सर.

कार्यक्रम झकास झाला. साहेब आले, दीप पेटला, प्रीती नव्या रिबिनी बांधून पुढे गेली, बोटानं दोन बल्ब ओढून जोडले, शंभर दाबलं, आणि पॅनलमधून टाळ्यांचा आवाज आला. साहेबांसोबतच्या बाईंनी कौतुकानं विचारलं, का गं असं? प्रीतीनं मान वर करून, शहरी उच्चारात, एकही शब्द न अडखळता सांगितलं की वॅट म्हणजे शक्ती, ज्याची शक्ती जास्त त्याचा उजेड जास्त. खऱ्या टाळ्या वाजल्या. दोन वर्षांनी पोरगी चारचौघांत बोलली होती, आणि बोलली ती सरांचं खोटं. पाच मिनिटांच्या भाषणात सर काय म्हणाले ते त्यांना नंतर आठवेना.

शेवटच्या रांगेत रखमा बसली होती. ती टाळ्या वाजवत होती, पण कपाळावर आठी होती. चहाच्या वेळी तिनं सरांना गाठलं. शेजारी म्हात्रे सर, त्यांच्या शेजारी साहेब.

"सर, राग नका धरू. आमच्याकडं रोज उलटं व्हतंय की. दोन-अडीच वर्सं बघतीय मी."

म्हात्रे सरांचा हात रोकडे सरांच्या दंडावर होता. रोकडे सर म्हणाले, ताई, घरचं वेगळं, शास्त्र वेगळं. रखमा ओशाळून हसली. म्हणाली, आसंल, आमचा बोर्ड भंगारातला. आणि तिनं कपातला चहा संपवला.

दोन दिवसांनी, ठरवल्याप्रमाणे, सर वर्गात खरं सांगायला उभे राहणार होते. पण नव्या पॅनलांच्या मंजुरीचं साहेबांचं पत्र अजून यायचं होतं, म्हात्रे सर म्हणाले पत्र येईपर्यंत विषय नको. पत्र यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत सरांना टॅबवर एक गोष्ट दिसायला लागली. एकतीस नंबर आता शेवटी येत नव्हता. चार सेकंद, पाच सेकंद, सगळ्यांच्या गर्दीत येऊन जायचा. आणि बहुतेक वेळा चुकायचा. शेजारच्या बाकावरची तेजल जे दाबेल तेच दाबलेलं. सर प्रश्न टाकल्यावर थांबायचे, पण आता थांबायचं कारणच उरलं नव्हतं. पोरगी टेबलापाशी येईनाशी झाली होती. बोलावलं तर यायची, ऐकायची, हो सर म्हणायची.

पत्र आलं त्याच दिवशी सरांनी फळ्यावर गणित मांडलं. पॅनल चुकलाय, मीही चुकीचं सांगितलं, बरोबर उत्तर चाळीस. वर्गानं लिहून घेतलं. प्रीतीचं नाव घेऊन म्हणाले, हिनं हे आधीच ओळखलं होतं. वर्गानं वळून पाहिलं, तिनं मान आणखी खाली घातली. ज्या क्षणाची त्यांनी महिनाभर स्वप्नं पाहिली होती तो असा, कोमट पाण्यासारखा गेला. त्याच आठवड्यात अकरावीला कोण काय घेणार याची यादी झाली. प्रीती खैरेच्या पुढे काहीच नव्हतं. वर्गशिक्षिका म्हणाल्या, ती म्हणते पुढे शिकायचं नाही.

सर शनिवारी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. चाळीतली एक खोली, अर्ध्या खोलीत तोरणांची भेंडोळी. भिंतीला तो टेस्टिंग बोर्ड, लाकडी फळीवर ठोकलेला, वर शंभरचा पिवळा बल्ब. सरांनी पिशवीतून चाळीसचा बल्ब काढला. येतानाच घेतला होता. रखमाला म्हणाले, ताई, लावू का? त्यांनी स्वतःच्या हातानं तो बोर्डाला लावला, बटण दाबलं. चाळीसचा झळकला. शंभरच्या तारेला नुसती लाली. डिसेंबरात प्रीतीनं सांगितलं होतं तस्संच.

सरांचे डोळे भरून आले. लाज वाटण्याच्या पलीकडे गेले होते ते. म्हणाले, बघ प्रीती, तुझा बोर्ड बरोबर आहे, तुझे डोळे बरोबर आहेत. मी तुला खोटं सांगितलं. मुद्दाम, कळून-सवरून. साहेबांसाठी, शाळेसाठी. तू चुकली नव्हतीस, मी खोटारडा आहे. आईसमोर सांगतो. सायन्स सोडू नकोस.

प्रीतीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ती आईकडे पाहून थोडी हसली, समजूतदार बाई हसते तशी.

"सर, तुम्ही फार चांगले आहात. मला बरं वाटावं म्हणून एवढं लांब आलात, स्वतःला नावं ठेवून घेताय."

सर म्हणाले, अगं बरं वाटावं म्हणून नाही, हे खरं आहे, समोर बघ, लागलाय. ती म्हणाली, हो सर. लागलाय. पण तेव्हाही लागत होता, आणि तेव्हा तुम्ही म्हणाला होता की असल्या वस्तूवर काहीही दिसतं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर सरांनी पाय धरले असते. ती फक्त आठवण करून देत होती. म्हणाली, जे डोळ्याला दिसतं ते कधी बरोबर असतं आणि कधी नसतं, ते तुम्हा लोकांना कळतं. मला नाही कळत. मग सायन्स घेऊन मी काय करू?

रखमानं मध्ये पडून सरांना पाणी दिलं. पोरगीवर जबरदस्ती नको, असं ती हळूच म्हणाली. तिनं महेंद्र रोकडे नावाच्या माणसाच्या शब्दावर एकदा लेक ठेवली होती, दुसऱ्यांदा ठेवायची तिची तयारी नव्हती. तसं ती बोलली नाही. सरांना ते पाण्याच्या पेल्यातच कळलं.

सर उठले तेव्हा प्रीतीला काहीतरी आठवलं. तिनं कोनाड्यातून वही काढली. "सर, बोर्डाच्या पेपरात आलं तर कुठलं लिहू?"

सर म्हणाले, चाळीस.

"नक्की ना सर? परत बदलणार नाही ना?"

नाही, असं सर म्हणाले, पण त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही. तिनं दोन ओळी लिहून घेतल्या. पेपरात आलं तर चाळीस. पॅनलवर आलं तर शंभर. वही मिटली, चाळीसचा बल्ब काढून सरांच्या पिशवीत जपून ठेवला आणि पुन्हा कामाला बसली. ढिगातलं एक तोरण उचलून तिनं बोर्डाला जोडलं. पन्नासच्या पन्नास दिवे तिच्या तोंडावर लागले, लाल, हिरवे, निळे. ती त्यांच्याकडे बघत होती, आणि बघता बघता तिनं विचारलं,

"आई, लागलं का गं?"